खारवट रानात टोमॅटो कितपत तग धरतो?

ऐनापूरकर

राम राम मंडळी. नेहमी नुसता वाचणारा मी, आज विचारायला आलोय.

आमचं रान काळं, भारी, कृष्णाकाठापासून थोडं आत. आजोबांच्या वेळेपासून ऊस. पाणी मिळेल तितकं पाजायचं हीच रीत, तुम्हाला काय सांगायचं. आता खालच्या अंगाला उसाची उगवण तुटक येते आणि मार्च-एप्रिलात वरंब्यावर पांढरी खपली दिसते. तिथला खोडवा मोडून गेल्या हंगामात सगळ्या पट्ट्यात टोमॅटो लावला. गादीवाफे, मल्चिंग, ड्रिप, तार-काठी, सगळं रीतसर.

वरच्या अंगाची झाडं छातीला लागली. खालच्या अंगाची गुडघ्याच्या थोडी वर येऊन थांबली. पानं लहान, जाडसर, गडद हिरवी, आणि बुडातल्या पानांच्या कडा करपलेल्या. पण झाड मेलं नाही. फुलं आली, फळ धरलं, तोडेही झाले. फळ बारीक निघालं, मात्र वरच्यापेक्षा गोड, असं घरातल्या सगळ्यांचं म्हणणं. त्याच पाण्यावर बांधाकडेला घेवडा टाकला होता, तो पिवळा पडून गेला.

विचारायचं हे की टोमॅटो मीठ सोसतो म्हणजे आत नेमकं काय करतो? मिठाला टिकणारी एखादी जात आहे का? आणि जो भेटतो तो जिप्सम टाक म्हणतोय, ते टाकू का?

अहवाल कन्नडमध्ये आहे म्हणून फोटो न टाकता आकडे देतो. खालच्या अंगाची माती: ईसी (खारटपणाचं माप) १.१, पीएच ८.३. विहिरीचं पाणी: ईसी १.४. बोअरचं: २.६. उन्हाळ्यात विहीर आटली की बोअरच चालू असतो.

निपाणी_वखार

दादा, घेवडा जाणारच हो. त्याला मिठाचं वारंसुद्धा चालत न्हाई.

मी टोमॅटोवाला न्हाई, तंबाखूवाला. पण एक सांगतो. आमच्याकडं तंबाखूला पोटॅश द्यायचं तर म्युरेट घालत न्हाईत. त्यात निम्म्याच्या जवळपास क्लोराईड असतंय, आन् ते पानात उतरलं की पान नीट जळत न्हाई, विडी घडीघडी विझती. म्हणून सल्फेटचं पोटॅश, महाग पडलं तरी. टोमॅटो आन् तंबाखू एकाच कुळातले. तुमच्या रानात आधीच मीठ, त्यात तुम्ही ड्रिपातनं म्युरेट सोडत असाल तर आधी ते थांबवा बघू.

आन् प्लॉटात शिरताना तंबाखू मळलेले हात धुवून जावा. मोझॅक हा विषाणूचा रोग हातानं जातोय. धाग्याशी संबंध न्हाई, पण सांगायची सवय.

माती_पाणी

आयुष्य माती-पाण्याचे नमुने तपासण्यात गेलं, म्हणून आधी आकड्यांबद्दल बोलतो.

अहवालातला १.१ बघून "एवढंच?" असं वाटेल. पण आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळा एक भाग मातीत अडीच भाग पाणी मिसळून ईसी काढतात. म्हणजे मीठ पातळ करून मोजलेलं असतं. पुस्तकात पिकांची सोसण्याची मर्यादा दिलेली असते ती संपृक्त लगद्याच्या अर्काची, म्हणजे माती जेमतेम भिजून लगदा होईल इतक्याच पाण्यातली. भारी काळ्या मातीत पहिल्या आकड्याच्या साधारण तीन ते चार पट दुसरा येतो. तुमचे १.१ म्हणजे मुळाला जाणवणारे ३.३ ते ४.४ धरा, डेसीसायमन प्रति मीटर या मापात. नेमका आकडा हवा तर लगद्याच्या अर्काची तपासणी वेगळी मागावी लागते.

आता टोमॅटो. मास आणि हॉफमन यांनी १९७७ मध्ये पिकांचा जो तक्ता मांडला तो आजही सगळीकडे वापरतात. त्यात टोमॅटोचा उंबरठा २.५ आहे. तिथपर्यंत उत्पन्नाला धक्का नाही. त्याच्या वर प्रत्येक एककाला जवळजवळ १० टक्के घट. तुमच्या ३.३ ला सुमारे ८ टक्के, ४.४ ला १९ टक्के. साधारण ७.५ ला उत्पन्न निम्मं. घेवड्याचा उंबरठा १.० आणि उतार १९ टक्क्यांचा, म्हणजे त्याच मातीत तो निम्म्याला येतो. कांदा १.२, मिरची १.५, मका आणि ऊस १.७. होय, ऊस टोमॅटोच्या खाली आहे. फक्त त्याची घट सावकाश होते, प्रति एकक ६ टक्क्यांच्या आत, म्हणून कळायला वर्षं जातात. दुसऱ्या टोकाला गहू ६.०, कापूस ७.७, बार्ली ८.०.

म्हणजे टोमॅटो काही मीठ पचवणारं पीक नाही. मध्यम संवेदनशील असाच त्याचा वर्ग. भाजीपाल्यात तो बऱ्यापैकी, इतकंच.

पण मला एक खटकतंय. तुमचं झाड छातीवरून गुडघ्यावर आलं, ते ८ किंवा १९ टक्क्यांनी भागत नाही. खालच्या अंगाला पाणी किती खोलीवर लागतं? चार फूट खड्डा काढून दुसऱ्या दिवशी बघा आणि इथे कळवा.

टिळकवाडीची_अक्का

मध्येच घुसायलोय, माफ करा. आमच्या गच्चीवर कुंड्यांत टोमॅटो आहेत. घरातल्या आरओचं वाया जाणारं पाणी तेच कुंड्यांना घालतोय. झाड बरं आहे, पण फळाचं बूड काळं पडून आत खोलगट होतंय. अंड्याची टरफलं कुस्करून घातली, काही फरक नाही. हे मिठानंच का?

धारवाड_कृषी

अक्का, तुमच्या प्रश्नाकडे येतोच. आधी ऐनापूरकर दादांचा पहिला प्रश्न, कारण त्यातच तुमचं उत्तर आहे. लांबेल, सांभाळून घ्या.

मिठाचा मार दोन टप्प्यांत बसतो. पहिला लगेच, पाण्याचा. मातीतल्या पाण्यात मीठ वाढलं की ते पाणी मुळाकडे सहज येत नाही. रान ओलं, तरी झाड तहानलेलं. मग झाड पानांची छिद्रं मिटून घेतं आणि नवी पानं लहान, जाड काढतं. तुम्ही लिहिलेलं गडद हिरवं पान ते हेच. हिरवेपण कमी पानात दाटलेलं असतं, नत्र जास्त झालं म्हणून नव्हे. या टप्प्यात झाड पेशीत प्रोलीन, साखरा असले पदार्थ साठवून पाणी आत ओढायची सोय करतं. ते तयार करायला लागणारी शक्ती वाढीतून वजा होते.

दुसरा मार सावकाश, सोडियमचा. सोडियम आणि पोटॅशियम इतके सारखे की पोटॅशियमच्या वाटेने सोडियमही आत शिरतो, आणि पेशीतली पोटॅशियमवर चालणारी कामं बिघडवतो. त्याला टोमॅटो तीन ठिकाणी अडवतो. मुळाच्या बाहेरच्या पेशींत एक पंप असतो, एसओएस१ नावाचा, तो आलेला सोडियम परत मातीत ढकलतो. त्यातूनही जो निसटून वर जाणाऱ्या रसात मिसळतो, त्याला वाटेतल्या पेशी एचकेटी१;२ नावाच्या प्रथिनाच्या मदतीने रसातून बाहेर ओढून घेतात, शेंड्यापर्यंत जाऊ देत नाहीत. आणि जो पानात पोचलाच, तो एनएचएक्स नावाच्या वाहकामार्फत पेशीतल्या मोठ्या रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या पिशवीत, कोंडला जातो. जुन्या पानांत हे मीठ जास्त साठतं. जागा संपली की त्या पानाच्या कडा करपतात.

मुळातल्या त्या पंपाला "चालू हो" हा निरोप कॅल्शियममार्फत जातो. मिठाच्या रानात कॅल्शियमला महत्त्व देतात त्याचं हे एक कारण.

आता अक्का. बूड काळं पडणं म्हणजे फळाच्या टोकाला कॅल्शियम न पोचणं. कॅल्शियम पाण्याबरोबरच चढतो. मिठाने पाणी कमी चढलं की टोकाचा हिस्सा पहिला बुडतो. मातीत कॅल्शियम भरपूर असला तरी हे होतं, आणि टरफलं तर विरघळायलाच फार काळ घेतात. आरओच्या वाया पाण्यात मूळ पाण्यातले क्षार एकवटलेले असतात. घरात टीडीएसचा, म्हणजे पाण्यातले विरघळलेले क्षार दाखवणारा, मीटर असेल तर त्याचा आकडा ६४० ने भागा, अंदाजे ईसी मिळेल. १ च्या वर असेल तर साध्या पाण्यात मिसळून घाला, आणि अधूनमधून कुंडीच्या तळातून भरपूर पाणी वाहेल इतकं साधं पाणी एकदम ओता. पाणी रोज सारखं द्या. एक दिवस कोरडं, एक दिवस चिखल, याने ते बूड हमखास काळं पडतं.

निपाणी_वखार

म्हंजे जुन्या पानानं मीठ गिळायचं आन् शेंड्यानं वाढायचं. एकत्र कुटुंबातल्या थोरल्याचंच काम की हे.

टिळकवाडीची_अक्का

मीटर नाही, पण शेजाऱ्यांकडे आहे. बोअरचं पाणी आरओला लावलंय आमच्या इमारतीत. महापालिकेचं राकसकोपचं पाणी येतंय ते पिण्यापुरतंच, तेही रोज नाही. बघून सांगते.

हुक्केरी_ड्रिप

मला एक कळत नाही. ड्रिप आणि मल्चिंग असताना मीठ वर कसं येतं? आम्ही तर सगळ्यांना तेच सांगून ड्रिप विकतो.

माती_पाणी

ड्रिप मीठ घालवत नाही, सरकवतो. ड्रिपरखाली जो ओला भाग तयार होतो त्याच्या कडेला मीठ ढकललं जातं, मध्ये मुळं सुखात असतात. दोन ड्रिपरच्या मधोमध आणि वाफ्याच्या पृष्ठभागावर ते साचतं. मल्चिंगने बाष्पीभवन कमी होतं म्हणून ते वर कमी येतं, हा खरा फायदा. पण पाण्यातून येणारं मीठ येतच राहतं.

हिशोब करून बघा. एका एकराला हंगामात ५०० मिलिमीटर पाणी दिलं तर ते २० लाख लिटर होतं. विहिरीच्या १.४ च्या पाण्यात लिटरला सुमारे ९०० मिलिग्रॅम क्षार, म्हणजे एकरी १.८ टन. बोअरच्या २.६ च्या पाण्यातून ३.३ टन. झाड पाणी घेतं, मीठ बरंचसं मागे सोडतं. ते जाणार कुठे?

म्हणून गरजेपेक्षा थोडं जास्त पाणी देऊन मीठ मुळांच्या खाली उतरवावं लागतं. किती जास्त, याचं सूत्र आहे: पाण्याचा ईसी भागिले, मातीच्या सोसवणाऱ्या ईसीची पाच पट वजा पाण्याचा ईसी. मातीसाठी टोमॅटोचा २.५ धरा. विहिरीचं पाणी: १.४ भागिले ११.१, म्हणजे १३ टक्के जादा. बोअरचं: २.६ भागिले ९.९, म्हणजे २६ टक्के. दोन्ही निम्मे निम्मे मिसळले तर १९ टक्के.

आणि एक फार लोक विसरतात. वळवाचा पहिला हलका पाऊस आला की आपण ड्रिप बंद करतो. तो पाऊस वाफ्याच्या कडेचं, वरचं मीठ विरघळवून नेमकं मुळांत आणतो. पहिल्या सरींत ड्रिप चालूच ठेवावा, चांगला मोठा पाऊस होईपर्यंत.

हुक्केरी_ड्रिप

हे शेवटचं आम्हाला कंपनीच्या माणसानेही सांगितलं नव्हतं. वरच्या सूत्राचा मोबाईलवर स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

अडत_दुकान

गोडीबद्दल मी बोलतो. खारं पाणी पिलेला टोमॅटो गोड होतो हे खरंय. फळात पाणी कमी भरतं, साखर आणि आंबटपणा दोन्ही दाट राहतात. साल टणक, गाडीत दबत नाही. आम्ही हात लावला की ओळखतो.

पण लिलावात त्याला काय? क्रेट वजनावर आणि आकारावर जातो. बारीक माल म्हटला की दोन-तीन पायऱ्या खाली. ब्रिक्स, म्हणजे गोडी, मोजून दर देणारा व्यापारी बेळगाव, संकेश्वर, कोल्हापूर कुठल्याच बाजारात मला तरी भेटलेला नाही. गोडीचे पैसे कुणी देत असेल तर सांगा, मी पण खारवट रान खंडाने घेतो.

धारवाड_कृषी

देतात, पण आपल्याकडे नाही. इटलीत सिसिली बेटावर पाकीनो नावाच्या भागात किनाऱ्यालगतच्या खारट पाण्यावर टोमॅटो होतो, त्याला युरोपचं भौगोलिक मानांकन आहे. इस्रायलच्या नेगेव वाळवंटात जमिनीखालच्या मचूळ पाण्यावर गोड टोमॅटो पिकवून निर्यात करतात. जपानमध्ये कुमामोतो प्रांतात यात्सुशिरोजवळ समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवरचा टोमॅटो "मिठाचा टोमॅटो" म्हणूनच चढ्या भावाने विकतात. हे सगळे उत्पन्नात मार खातात आणि दरात भरून काढतात.

अडत_दुकान

आपल्याकडे मानांकन म्हणजे कोल्हापुरी चप्पल. २०१९ ला मिळालं तेव्हा त्यात बेळगाव जिल्हाही धरला, म्हणून अथणीच्या कारागिरांचा शिक्का लागला. ऐनापूरच्या टोमॅटोला लागेल तेव्हा लागेल. तोपर्यंत आकार बघा दादा.

ऐनापूरकर

सगळ्यांचे आभार. हे तीन ठिकाणी अडवणं वगैरे प्रथमच कळलं. मग ज्या जातीत हे काम जास्त चांगलं होतं ती जात का मिळत नाही? रोपवाटिकेत विचारलं तर मर, करपा, पर्णगुच्छ यांचंच सांगतात. अर्का रक्षक तीन रोगांना चालते म्हणे, पण मिठाचं कुणीच बोलत नाही.

धारवाड_कृषी

मीठ सोसणं एका जनुकाचं काम नसल्यामुळे. वर सांगितलेलं सगळं एकत्र जुळून यावं लागतं, आणि तेही फळाचा आकार न घालवता.

ताकद टोमॅटोच्या रानटी भाऊबंदांत आहे. गॅलापागोस बेटांवर समुद्राच्या अगदी कडेला एक रानटी टोमॅटो येतो, सोलॅनम चीझमनी. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे रश आणि एपस्टाईन यांनी १९७६ मध्ये दाखवलं की समुद्राच्या पाण्याइतक्या खारट द्रावणातही तो जिवंत राहतो. आपला लागवडीचा टोमॅटो निम्म्याच्या पुढे टिकत नाही. गंमत म्हणजे तो रानटी टोमॅटो सोडियमला अडवत नाही. पानात भरून घेतो आणि तसाच जगतो. म्हणजे दोघांची तऱ्हाच उलटी. त्याचं बी सहजी उगवत नाही. तिथल्या राक्षसी कासवाच्या पोटातून गेलं की चांगलं उगवतं, हे चार्ल्स रिक यांनी दाखवलं होतं.

हजारो वर्षं मोठं फळ, जास्त फळ असं निवडत आल्यावर मिठाची बाजू मागे पडली. २०२० मध्ये चिनी संशोधकांनी पोटॅशियम-सोडियम वाहून नेणारं एचएके२० नावाचं जनुक दाखवलं, ज्यातल्या फरकामुळे लागवडीच्या टोमॅटोची मीठ सोसण्याची ताकद रानटीपेक्षा कमी झाली.

जनुक बदलूनही झालंय. २००१ मध्ये झँग आणि ब्लूमवॉल्ड यांनी ते रिक्तिकेत कोंडणारं वाहक टोमॅटोत जास्त तयार होईल असं केलं. ते झाड समुद्राच्या पाण्याच्या साधारण ४० टक्के खारटपणात वाढलं, फळलं, आणि सोडियम पानांत राहिला, फळात फारसा गेला नाही. पण काचघरातलं झाड वेगळं, आणि अथणीचं मे महिन्यातलं रान वेगळं. शिवाय आपल्या देशात जनुक बदललेल्या भाजीचं काय होतं ते बीटी वांग्यात बघितलंच. त्याच्या सरळ वाणांवर आमच्या धारवाडच्या विद्यापीठातही काम झालं होतं. फेब्रुवारी २०१० ला स्थगिती आली ती आलीच.

निपाणी_वखार

कासव पाळायचं म्हंजे आता. सबसिडी हाय काय त्याला?

हुक्केरी_ड्रिप

कलमी रोपांचं काय? वांग्याच्या खुंटावर टोमॅटो बांधलेली रोपं मिळतात आता. वाराणसीच्या भाजीपाला संशोधन संस्थेने तर एकाच झाडावर वांगी आणि टोमॅटो दोन्ही काढून दाखवलेत, ब्रिमॅटो.

धारवाड_कृषी

खुंटाचा मार्ग खरा आहे. योग्य खुंट वापरला की सोडियम आणि क्लोराईड वर कमी जातात, हे स्पेनमधल्या प्रयोगांत दिसलंय. पण तो खुंट टोमॅटो वर्गातलाच, मिठासाठी निवडलेला हवा. वांग्याचा खुंट साचलेल्या पाण्याला आणि जिवाणूजन्य मर रोगाला चांगला. मिठाचा उंबरठा मात्र वांग्याचा टोमॅटोहून खालीच, १.१ च्या आसपास. त्यामुळे मिठासाठी म्हणून वांग्याचं कलम घेऊ नका.

ऐनापूरकर

माती_पाणी काका, खड्डा काढला. चार फूट जावंच लागलं नाही. अडीच फुटावर पाझर सुटला, सकाळी हातभर पाणी उभं. वरच्या अंगाला पाच फुटापर्यंत कोरडं.

माती_पाणी

मग तुमचं दुखणं कळलं.

काळ्या मातीत पाणी अडीच फुटावर असेल तर केशाकर्षणाने ते सतत वर चढतं, वर आलं की वाळतं, मीठ ठेवून जातं. ड्रिप कितीही शिस्तीने चालवा. आणि मी वर जे जादा पाण्याचं सूत्र दिलं ते खालच्या अंगाला वापरू नका! मीठ खाली उतरवायला खाली जागा लागते. तुमच्याकडे ती पाण्याने भरलेली आहे. जादा पाणी दिलं तर पातळी आणखी वर.

धारवाडच्या पोराने जे तीन अडवण्याचे मार्ग सांगितले, त्यातही इथेच खोट येते. मुळातला पंप चालायला ऊर्जा लागते, ऊर्जेला श्वास लागतो, श्वासाला मातीत हवा. मुळं पाण्यात बुडाली की पंप मंदावतो आणि सोडियम मोकळा वर जातो. नुसतं मीठ झाड सोसेल, नुसतं पाणी दोन दिवस सोसेल, दोन्ही एकदम आलं की नुकसान बेरजेपेक्षा जास्त होतं. ८-१९ टक्क्यांच्या हिशोबात तुमचं गुडघ्याएवढं झाड बसत नव्हतं ते यामुळे. माझ्या मते तुम्ही जात शोधत बसू नका, निचरा शोधा.

धारवाड_कृषी

पूर्ण सहमत. जगभरच्या बहुतेक प्रयोगांत कुंडीला तळाशी भोक असतं, हे वाचताना लक्षात ठेवायला हवं.

गोकाक_मिल

जिप्समचं कुणीच बोललं नाही. आमच्या भागात एकरी दोन टन टाकून जमीन सुधारलेली मी डोळ्यांनी बघितलीय. रयत संपर्क केंद्रात चौकशी करा, टाका आणि मोकळे व्हा.

माती_पाणी

जिप्सम हे चोपण जमिनीचं औषध आहे. चोपण म्हणजे जिथे मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला आहे, पीएच ८.५ च्या वर, विनिमययोग्य (म्हणजे असा कणांना चिकटलेला) सोडियम १५ टक्क्यांच्या वर. अशी माती ओली असताना चिकट लोणा, वाळली की दगड, आणि पाणी वरच डबकं करून राहतं. पृष्ठभागावर कधी काळपट तेलकट थर येतो. जिप्सममधला कॅल्शियम त्या सोडियमला कणावरून हुसकतो आणि सोडियम सल्फेट तयार होऊन ते पाण्याबरोबर निघून जातं.

पांढरी खपली, पीएच ८.३, ही लक्षणं साध्या खारवट जमिनीची जास्त वाटतात. तिथे मीठ आधीच विरघळायला तयार आहे, त्याला फक्त वाट हवी. जिप्सम स्वतः एक क्षारच आहे. विनिमययोग्य सोडियम तपासल्याशिवाय टाकू नका. आणि चोपण निघाली तरी निचऱ्याशिवाय टाकलेलं जिप्सम वाया. गोकाकच्या त्या रानाला चर होते का, तेही विचारून बघा.

गोकाक_मिल

चर होता. रानाच्या दोन बाजूंनी. बरं, मुद्दा आला लक्षात. तरी जिप्समने रान भुसभुशीत झालं ते झालंच.

शिरोळचा_पाव्हणा

नदीच्या पलीकडनं बोलतोय. आमच्याकडे शिरोळ तालुक्यात हेच दुखणं, ऊस आणि पाणी. दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने गटागटाने सच्छिद्र पाइप टाकून निचरा केलाय, जिथे कुसळ उगवत नव्हतं तिथे ऊस उभा आहे. सांगलीच्या कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रातही यावर काम चालतं, जाऊन बघा, लांब नाही तुम्हाला.

थोडक्यात पद्धत अशी. तीन-चार फूट खोलीवर भोकाचा पाइप, भोवती गाळणीचं कापड, उतार धरून. अंतर माती बघून ठरवतात. सगळे पाइप एका मुख्य पाइपाला, तो नाल्याला. एकट्याने करायचं तर अडचण एकच, पाणी सोडायचं कुठे? मध्ये दुसऱ्याचं रान असेल तर त्याची परवानगी. पाइपापेक्षा ती महाग पडते.

ऐनापूरकर

तिथंच घोडं अडणार. ओढा आमच्यापासून दोन बांध सोडून. एक चुलतभावाचा, तो ऐकेल. दुसऱ्याचं आणि आमचं आजोबांपासून बोलणं नाही.

निपाणी_वखार

त्याच्या खालच्या अंगाला पण पांढरं दिसतंय का बघा. दिसत असलं तर तोच इल तुमच्याकडं. न्हाईतर चुलतभावाला पाठवा, तुम्ही जाऊ नका.

ऐनापूरकर

दिसतंय की! आमच्यापेक्षा जास्त. या उन्हाळ्यात त्यानं ऊस मोडलाय.

मग तोवर खालच्या पट्ट्यात काय करू? नुसतं पडीक ठेवलं तर मीठ आणखी वर येईल म्हणतात.

माती_पाणी

बरोबर म्हणतात. उघडं ठेवू नका. पावसाळ्यात धैंचा पेरून फुलोऱ्याआधी गाडा. धैंचा मीठ आणि साचलेलं पाणी दोन्ही सोसतो. बांधाकडेने निदान उघडा चर खणा, जमेल तितका खोल. उसाचं वरच्या अंगाचं मोकाट पाणी कमी करा, तुमची पातळी तिथूनच भरतेय. रब्बीला तिथे गहू घ्या.

टोमॅटो लावायचाच असेल तर वरच्या अंगाला. रोप लहान असताना टोमॅटो मिठाला सगळ्यात नाजूक, म्हणून रोपवाटिका आणि लागणीनंतरचे पहिले आठवडे विहिरीचं गोडं पाणी, बोअर नंतर. रोप ड्रिपरच्या जवळ लावा, ओल्या भागाच्या कडेला नको, मीठ कडेला साचतं. पोटॅशचं निपाणीच्या पाव्हण्यांनी सांगितलंच आहे.

टिळकवाडीची_अक्का

शेजाऱ्यांचा मीटर आणला. आरओच्या वाया पाण्याचा आकडा १३४० आला. ६४० ने भागलं की २.१ च्या आसपास. म्हणजे ऐनापूरच्या बोअरला जवळ आलो की आम्ही! आजपासून हे पाणी जिना धुवायला.

धारवाड_कृषी

जिना धुवा, पण सगळं टाकू नका अक्का. एक भाग हे आणि दोन भाग नळाचं, असं चालेल. फळंही थोडी गोड लागतील.

ऐनापूरकर

चुलतभाऊ काल जाऊन आला. समोरचा सरळ हो म्हणाला नाही, पण पाइपाचा खर्च कसा वाटायचा हे त्यानंच विचारलं. शिरोळच्या पाव्हण्यांना व्यक्तिगत निरोप टाकलाय, काम केलेल्या माणसाचा पत्ता हवाय. आणि काका, लगद्याच्या अर्काच्या तपासणीला नमुना कसा घ्यायचा? एकच पिशवी चालेल का?

माती_पाणी

एक नाही. वरचा अर्धा फूट, त्याखालचा एक फूट, त्याखालचा आणखी एक, अशा वेगळ्या पिशव्या. वरच्या आणि खालच्या अंगाच्या वेगळ्या. पांढरी खपली खरवडून त्यात मिसळू नका. खत टाकायच्या आधी घ्या, आणि सोबत विनिमययोग्य सोडियमही मागा, म्हणजे गोकाकवाल्यांचा जिप्समचा वादही मिटेल. पाण्याचा नमुना बोअर अर्धा तास चालवून मग भरा.